सोळा कॅमेरे, सोळा कामं

सोसायटीत चोरी झाली की ऑफिसात गर्दी जमते, रेकॉर्डिंग मागे नेलं जातं आणि बहुतेक वेळा तेच पाहायला मिळतं: माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही, स्कूटर दिसते, नंबर दिसत नाही. मग सगळा राग कॅमेऱ्याच्या कंपनीवर आणि मेगापिक्सेलवर निघतो. खरं तर कॅमेरे सहसा बरे असतात. बसवणाऱ्याने ब्रॅकेट ठोकलं, केबल ओढली, पडद्यावर चित्र आलं, चेअरमनच्या मोबाइलवर ॲप टाकून दिलं आणि बिल हातात ठेवलं. गेटवरचा, लिफ्टमधला, गच्चीवरचा आणि मीटर रूममधला, असे सगळे कॅमेरे कारखान्यातून आले त्याच सेटिंगवर राहिले. एकेक कॅमेरा उघडून त्याच्या जागेप्रमाणे लावायचा असतो, हे काम कुणी सांगितलंही नाही आणि कुणी मागितलंही नाही.

नमुना म्हणून नेहमीची मध्यम सोसायटी घेऊ. दोन विंग, एक गेट, १६ आयपी कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा एक एनव्हीआर. जुनी डीव्हीआरची यंत्रणा असेल तर काही मेनू वेगळ्या जागी सापडतील, पण विचार तोच राहतो.

आधी काम ठरवा

मेनूला हात लावण्यापूर्वी एका वहीत १६ ओळी लिहाव्यात. प्रत्येक ओळीत कॅमेऱ्याची जागा आणि त्याने कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं ते. ‘मेन गेट: आत येणाऱ्या गाडीचा नंबर.’ ‘ए विंग लॉबी: अनोळखी माणसाचा चेहरा.’ ‘गच्ची: कुणी वर गेलं का, एवढंच.’ ज्या कॅमेऱ्यापुढे तीन-तीन कामं लिहिली जातात, त्याच्याकडून सहसा एकही नीट होत नाही.

या कामांना मापही आहे. ईएन ६२६७६-४ या युरोपीय मानकाने ते पिक्सेलमध्ये बांधून दिलं आहे. दृश्यातल्या एक मीटर रुंदीला २५ पिक्सेल मिळाले तर तिथे कुणीतरी आहे एवढं कळतं. ६२ च्या आसपास मिळाले तर कपडे आणि हालचाल वर्णन करता येते, १२५ ला ओळखीचा माणूस ओळखू येतो. अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायची तर २५० लागतात. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे २५० च्या हिशेबात चेहऱ्याला ४० पिक्सेल मिळतात.

आता बाजारात सर्रास मिळणारा ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या. त्याचं चित्र २५६० पिक्सेल रुंद असतं. २५६० ला २५० ने भागलं की साधारण सव्वादहा मीटर. दृश्य याहून रुंद झालं की अनोळखी चेहरा हातचा गेला. २.८ मिलिमीटरच्या भिंगाचा कोन जवळजवळ १०० अंशांचा असतो, त्यामुळे कॅमेऱ्यापासून सव्वाचार मीटरवरच दृश्य तेवढं रुंद होतं. ‘सगळं दिसतंय ना साहेब?’ असं विचारत लावलेला हा कॅमेरा पार्किंगची शंभर फूट लांबी दाखवतो खरा, पण चेहरा मात्र चौदा फुटांपर्यंतच देतो. लांबचा चेहरा हवा असेल तर ६ किंवा ८ मिलिमीटरचं भिंग घ्यावं आणि दृश्य अरुंद होणार हे मान्य करावं.

हे घरच्या घरी तपासता येतं. एकाने मोजपट्टीचा नेमका एक मीटर ताणून, कॅमेऱ्यासमोर जिथे माणूस ओळखू यायला हवा तिथे आडवा धरावा. दुसऱ्याने कॅमेऱ्याच्या पानावरून पूर्ण रिझोल्यूशनचा स्नॅपशॉट काढून संगणकावर पेंटमध्ये उघडावा. कर्सर पट्टीच्या डाव्या टोकावर नेला की खाली एक आकडा दिसतो, उजव्या टोकावर दुसरा. वजाबाकी केली की त्या जागेचे पिक्सेल मिळाले. १४० आले तर तुमचा वॉचमन ओळखू येईल, चोर येणार नाही. कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा माझा भरवसा या वजाबाकीवर जास्त आहे.

उंचीचंही तसंच. हात पोहोचू नये म्हणून कॅमेरे पहिल्या मजल्याच्या स्लॅबला लावतात आणि मग फुटेजमध्ये टोप्या आणि टाळू गोळा होतात. चेहऱ्यासाठीचा कॅमेरा आठ-साडेआठ फुटांवर असावा. हात पोहोचण्याची भीती असेल तर तोडफोड सोसणारा डोम घ्यावा.

मेनू कुठे उघडायचा

एनव्हीआरच्या पडद्यावर कॅमेऱ्याच्या सगळ्या सेटिंग दिसतातच असं नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ साली ऑनव्हिफ नावाचं समान मानक सुरू केलं. त्यामुळे एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या एनव्हीआरला जोडता येतो, पण बऱ्याचदा मिळतं ते चित्र आणि मोजकी नियंत्रणं. शटर, गेन, खासगी भाग झाकणं यांसाठी ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचा पत्ता टाकून त्याच्या स्वतःच्या पानावर जावं लागतं.

म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याला कायमचा आयपी पत्ता द्यावा. राउटरने वाटलेला पत्ता वीज जाऊन आली की बदलू शकतो आणि एखादा कॅमेरा एनव्हीआरवरून गायब होतो. शेवटचा आकडा कॅमेऱ्याच्या क्रमांकाशी जुळवला, म्हणजे १ नंबरला १०१, २ नंबरला १०२, तर पुढे शोधाशोध होत नाही. पडद्यावरचं नावही ‘कॅमेरा ०७’ असं न ठेवता ‘बी विंग जिना, तळमजला’ असं ठेवावं. पोलिस ठाण्यात फुटेज पाहणाऱ्या हवालदाराला तुमची सोसायटी पाठ नसते.

पासवर्ड

२०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती अगदी साधी होती: कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या एकेक करून लावून पाहायच्या. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांच्या फौजेने वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत कित्येक तास विस्कळीत झाल्या. ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले त्यांना बहुधा पत्ताही लागला नाही.

तेव्हा ‘ॲडमिन’ला मोठा, दुसरीकडे न वापरलेला पासवर्ड द्यावा आणि तो कमिटीकडे पाकिटात बंद ठेवावा. बसवणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड दिलेला असतो, तो त्याच दिवशी बदलावा. वॉचमनसाठी फक्त थेट चित्र पाहता येईल असं खातं, सेक्रेटरींसाठी मागचं रेकॉर्डिंग पाहण्याचं खातं, आणि सेटिंग बदलण्याचा अधिकार एकाच खात्याला. राउटरवर पोर्ट उघडून एनव्हीआर थेट इंटरनेटवर ठेवू नये, आणि असे पोर्ट आपोआप उघडणारं यूपीएनपी बंद करावं. फर्मवेअर वर्षातून दोनदा तरी तपासावं.

घड्याळ

वेळ चुकलेलं फुटेज कोर्टात जाईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तिथे मात्र ते सगळ्यांच्या लक्षात येतं. अनेक कॅमेरे चीनच्या वेळेवर, म्हणजे जागतिक वेळेच्या आठ तास पुढे, लावलेले येतात. भारत साडेपाच तास पुढे आहे. वेळेचा पट्टा तसाच राहिला आणि घड्याळ इंटरनेटवरून जुळलं, तर रात्री साडेअकराची घटना दुसऱ्या दिवशीच्या पहाटे दोनला नोंदली जाते. तारीखच बदलते. पट्टा निवडताना नुसतं पाच निवडलं तर अर्ध्या तासाचा फरक राहतो. उन्हाळी वेळेचा पर्याय बंदच हवा, आपल्याकडे ती पद्धत नाही.

एनव्हीआरने इंटरनेटवरच्या वेळेच्या सर्व्हरकडून वेळ घ्यावी आणि सगळ्या कॅमेऱ्यांनी ती एनव्हीआरकडून घ्यावी, ही रचना सगळ्यात बरी. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते आणि तिचा असा सर्व्हर आहे. दोन ठिकाणांहून वेळ आली की गेटवरचा माणूस लॉबीत आधी पोहोचतो आणि गेटमधून नंतर शिरतो. एकदा सगळं जुळवलं की मोबाइलवरचं सेकंदांसह चालणारं घड्याळ एकेका कॅमेऱ्यासमोर धरून पडद्यावरचा आकडा पडताळावा.

वेळेवर केवढं अवलंबून असतं याचं उदाहरण आपल्याच जालन्याचं आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीत दाखल झाला की नंतर, हा वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला आणि त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण कळीचं ठरलं. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच वादातल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच, हा नियम पक्का केला. आज देशभर फुटेजच्या पुराव्याबद्दल बोलताना या निकालाचं नाव निघतं.

गेट

सगळ्यात जास्त वेळ या कॅमेऱ्याला द्यावा. रात्री गाडी आत येते, हेडलाइट थेट भिंगात जातात आणि नंबरप्लेटच्या जागी पांढरा गोळा उरतो. कॅमेरा ‘ऑटो’वर असतो आणि अंधार पाहून शटर जास्तीत जास्त वेळ उघडं ठेवतो, सेकंदाचा पंचविसावा भाग. ताशी २० किलोमीटरने आडवी जाणारी गाडी तेवढ्या वेळात २२ सेंटीमीटर सरकते. अक्षरं वाचता येणार कशी? आपल्या मोटारीच्या नंबरप्लेटवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच आणि त्याची रेघ १० मिलिमीटर जाड असते.

म्हणून नंबरच्या कॅमेऱ्यावर एक्स्पोजर हाताने लावायचं. शटर १/५०० पासून सुरू करावं, तेव्हा तीच गाडी साधारण १ सेंटीमीटर सरकते. गाड्या वेगाने शिरत असतील तर १/१००० करावं. गेनची, म्हणजे चित्र कृत्रिमरीत्या उजळवण्याची, कमाल मर्यादा खाली आणावी, नाहीतर चित्रात वाळू पसरते. डब्ल्यूडीआर बंद ठेवावं, कारण ते एकाच चित्रासाठी वेगवेगळ्या प्रकाशमानाच्या दोन-तीन प्रतिमा जोडतं आणि चालत्या गाडीची अक्षरं दुहेरी उमटतात. भिंग असं निवडावं की प्लेट वाचायच्या ठिकाणी दृश्य ४ मीटरच रुंद असेल. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातही मग मीटरला ४८० पिक्सेल मिळतात आणि मोटारीच्या अक्षराला उंचीत तीसेक. दुचाकीची अक्षरं त्याहून लहान असतात, त्यामुळे ज्या सोसायटीत स्कूटर जास्त तिथे आणखी जवळ यावं.

एवढं केल्यावर रात्री पडदा काळा होतो. वॉचमनची केबिन, कुंपण, झाड, सगळं अंधारात जातं. कमिटीतले लोक इथे हमखास घाबरतात आणि ‘पहिल्यासारखं करून द्या’ म्हणतात. त्यांना गाडी येईपर्यंत थांबायला सांगावं. नव्या नंबरप्लेटचा पत्रा प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतो. कॅमेऱ्याचा अदृश्य इन्फ्रारेड प्रकाश तिच्यावर पडतो, परत फिरतो आणि काळ्या पडद्यावर एक उजळ आयत वर येतो, त्यात अक्षरं स्पष्ट. अक्षरंही पांढऱ्यात विरघळत असतील तर इन्फ्रारेडची तीव्रता कमी करत आणावी. कॅमेरा प्लेटच्या रेषेपासून तीस अंशांहून जास्त तिरका असू नये.

हाच कॅमेरा चालकाचा चेहरा आणि गेटवरची वर्दळ दाखवू शकत नाही. त्यासाठी शेजारी दुसरा, रुंद भिंगाचा कॅमेरा नेहमीच्या सेटिंगवर लागतो. एका कॅमेऱ्यात भागवण्याचा आग्रह धरून दोन्ही गमावलेल्या सोसायट्या गल्लोगल्ली आहेत. गच्चीवरचा एक कमी करा, पण गेटवर दोन लावा.

लॉबी आणि लिफ्ट

लॉबीत अडचण उलटी असते. काचेच्या दारामागे ऊन, आत सावली. आत येणारा माणूस काळी आकृती होतो. इथे डब्ल्यूडीआर हवंच, पण किती ते दुपारी ठरवता येत नाही. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दारासमोर संध्याकाळी पाच वाजता उभं राहून पातळी वाढवत जावी आणि चेहऱ्याचा रंग फिका, धुरकट होऊ लागला की एक पायरी मागे यावं. त्याहून चांगला उपाय जागेचा आहे: माणूस लिफ्टकडे वळतो तेव्हा उजेड त्याच्या तोंडावर येतो, कॅमेरा त्या बाजूला हलवता आला तर निम्मी सेटिंग वाचते.

पडद्यावर आडवे पट्टे सरकत असतील तर वीजवारंवारतेचा पर्याय ६० हर्ट्झवर राहिला आहे. आपल्याकडे ५०. लिफ्टमधला कॅमेरा दाराकडे तोंड करून वरच्या कोपऱ्यात, बस.

रात्र आणि पावसाळा

बुलेट कॅमेऱ्याभोवतीच्या लालसर दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो. भिंगासमोरचा जाळ्याचा एक धागा इन्फ्रारेडमध्ये पांढऱ्या दोरखंडासारखा चमकतो आणि रात्रभर ‘हालचाल’ नोंदवत राहतो. जूनपासून पावसाचे थेंब तेच करतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यापूर्वी कॅमेरा पुसणं हे सेटिंगइतकंच महत्त्वाचं काम आहे. डोमची काच ओरखडली असेल तर ती बदलावी, आतला प्रकाश तिच्यावर फाकून रात्रीचं चित्र धुक्यासारखं दिसतं. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ भिंत किंवा पन्हळीचा पाइप दृश्यात असेल तर प्रकाश तिथेच आदळून परततो आणि मागचं सगळं काळं पडतं. कॅमेरा दोन-चार अंश वळवला तरी पुरतं.

जिथे रात्रभर ट्यूब किंवा एलईडी जळतोच तिथे इन्फ्रारेड बंद करून चित्र रंगीत ठेवावं. ‘लाल शर्ट, निळी बॅग’ हे रंगीत चित्रातच कळतं.

फ्रेम, बिटरेट, हार्ड डिस्क

१ कॅमेरा ४ एमबीपीएस बिटरेटने दिवसभर लिहीत राहिला तर ४३.२ जीबी खातो. सोळाही तसेच ठेवले तर दिवसाला ६९१ जीबी, आणि ८ टीबीची डिस्क अकरा दिवसांत भरून जुनं पुसू लागते. मे महिन्यात गावी गेलेलं कुटुंब जूनमध्ये परत येतं, कुलूप तुटलेलं पाहतं, तोवर फुटेज गेलेलं असतं.

सोळांपैकी चार, म्हणजे गेटचे दोन आणि दोन्ही लॉबी, ४ एमबीपीएसवर ठेवावेत. गच्ची, जिने, पंपरूम, मीटर रूम असे बारा १.५ वर आणावेत. दिवसाचा हिशेब ३६७ जीबीवर येतो आणि तीच डिस्क एकवीस दिवस पुरते. महिना हवा असेल तर ११ टीबी लागतील, म्हणजे १२ ची डिस्क घ्यावी. गेटवर सेकंदाला २५ फ्रेम, इतरत्र १२ ते १५ पुरे. पंपरूमला ८ सुद्धा चालतात. एच.२६५ वापरलं तर त्याच बिटरेटला चित्र जास्त चांगलं मिळतं. बिटरेट बदलता ठेवावा पण वरची मर्यादा घालावी, कारण रात्री चित्रातली वाळू वाढली की डिस्क तीच साठवत बसते. पोलिस ठाण्यांमधल्या कॅमेऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये १८ महिन्यांच्या साठवणुकीचा आदेश दिला होता. सोसायटीला तेवढं नको, पण किती दिवस हवेत ते सभेत ठरवून मगच डिस्क घ्यावी.

हालचालीवर रेकॉर्डिंग

गेट आणि लॉबी अखंड रेकॉर्ड करावेत. गच्ची, पंपरूम, मागची गल्ली हालचालीवर चालतील, मात्र क्षेत्र हाताने आखावं लागतं: झाडाची फांदी, वाळत घातलेले कपडे, रस्त्यावरची वाहनं बाहेर ठेवून. हालचालीच्या आधीचे ५ आणि नंतरचे ३० सेकंद जोडून घ्यावेत, नाहीतर चोर दारातून आत न येता थेट जिन्यात उगवतो. माणूस आणि वाहन वेगळं ओळखणारा पर्याय असेल तर वापरावा. सूचना मोबाइलवर पाठवायच्या असतील तर एक-दोन कॅमेऱ्यांच्याच, आणि रात्री बारा ते पाच. रात्रीतून शंभर सूचना आल्या की सेक्रेटरी तिसऱ्या दिवशी आवाज बंद करतात.

शेजाऱ्याची खिडकी

पार्किंगच्या कॅमेऱ्यात समोरच्या इमारतीतली बेडरूम किंवा तळमजल्यावरच्या न्हाणीघराची खिडकी येत असेल तर तो भाग कॅमेऱ्याच्याच मेनूतून काळ्या चौकोनाने झाकावा. असा झाकलेला भाग रेकॉर्डिंगमध्येही काळाच राहतो, नंतर कुणालाही उघडता येत नाही. तक्रार येण्याची वाट पाहू नये. लोकांच्या घरात डोकावणारी यंत्रणा सोसायटीच्या पैशांनी चालवण्याचा हक्क कुठल्याच कमिटीला नाही. मायक्रोफोनही बंद ठेवावा. जिन्यात बोलणाऱ्या दोन शेजारणींचं संभाषण साठवून सुरक्षा वाढत नाही.

फुटेज देताना, कॅमेरा बदलताना

१ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचं हॅश मूल्य लिहायची जागा आहे. फाइलमध्ये तसूभर फरक झाला तरी हा आकडा बदलतो. म्हणून फुटेज मूळ स्वरूपातच, कंपनीच्या प्लेअरसह काढावं, पडद्याचं मोबाइलवर केलेलं चित्रण देऊ नये. काढताना एनव्हीआरचं घड्याळ आणि खरी वेळ यांतला फरक, असेल तर सेकंदांसह, वहीत नोंदवावा.

सगळं लावून झाल्यावर रात्री दहानंतर वॉचमन काकांना गेटपासून लॉबीपर्यंत चालायला सांगावं आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग पाहावं. थेट चित्र पाहून समाधान मानू नये, साठवलेलं चित्र वेगळं असू शकतं. मग प्रत्येक कॅमेऱ्याची सेटिंग फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी आणि वहीत त्या कॅमेऱ्याच्या ओळीपुढे पत्ता, शटर, गेन, डब्ल्यूडीआर, बिटरेट आणि तारीख लिहावी. विजेच्या लोटात गेटचा कॅमेरा जळतो, नवा येतो आणि तो पुन्हा ‘ऑटो’वर असतो. त्या दिवशी तंत्रज्ञाला वहीतली पहिली ओळ दाखवावी, आकडे भरून घ्यावेत आणि रात्री पहिली गाडी आत आल्यावर नंबर वाचता येतो की नाही ते पाहूनच त्याचे पैसे द्यावेत.